मातीची भांडी भाजताना पहिल्या दोन्ही भट्ट्या बिघडल्या. तापमान नेमकं कसं समजून घ्यायचं?

नवशिकी_पुणे

नमस्कार मंडळी. दीड वर्ष एका स्टुडिओत चाकावर काम शिकले आणि जूनमध्ये एक जुनी इलेक्ट्रिक भट्टी घेतली. सिंगल फेज, साडेतीन किलोवॅट, डिजिटल कंट्रोलर आहे. आत साधारण फूटभर लांब-रुंद आणि सव्वा फूट उंच जागा आहे.

पहिली भट्टी, म्हणजे भाजणी, बिस्कची (ग्लेझ लावायच्या आधीची, कच्च्या भांड्यांची). ११ भांडी चार दिवस घरात वाळवली होती. कंट्रोलरवर १००० लावलं आणि सुरू केली. तासाभरात आतून 'फट्ट' असा आवाज आला, मग पुन्हा दोनदा. दुसऱ्या दिवशी उघडली तर चार भांड्यांच्या ठिकऱ्या झालेल्या. एक तुकडा कॉइलच्या (तापणाऱ्या तारेच्या) खाचेत जाऊन बसला होता.

दुसरी भट्टी ग्लेझची. उरलेल्या सात भांड्यांना तयार ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावलं. डब्यावर 'कोन ६' होतं, दुकानदारानं १२२० लावा म्हणून सांगितलं. सातातली सहा भांडी गावाकडून आणलेल्या लाल मातीची. ती सहाही बसली. वाट्यांच्या बशा झाल्या, अंगावर फोड आले आणि शेल्फला अशी चिकटली की छिन्नी लावावी लागली. सातवा कप स्टुडिओतल्या स्टोनवेअर मातीचा (जास्त तापमानाला भाजायच्या) होता, तो इतका सुंदर निघाला की मला राहवलं नाही. आतलं तापमान २४० असतानाच दार उघडलं. 'टिंग' झालं आणि कडेपासून बुडापर्यंत चीर गेली.

चुका माझ्याच आहेत, पण कुठे आणि का हे कळल्याशिवाय तिसरी भट्टी लावायचा धीर होत नाही. कोन ०६ आणि कोन ६ हा काय प्रकार आहे, तेही कुणी समजावून सांगाल का?

सर्किट

भट्टीच्या आधी लाइन बघा. साडेतीन किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १५ अँपिअर, आणि तेही आठ-दहा तास. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर हे चालवू नका, पिना तापून काळ्या पडतात. मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग, एवढं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

खाचेतला तुकडा मेन स्विच बंद करूनच काढा. खाचेत ग्लेझचा थेंब राहिला असेल तर तो पुढच्या वेळी वितळून कॉइल खाईल.

बाकी कंट्रोलर चांगला असेल तर ते कोन वगैरे लागत नाहीत असं माझं मत. आकडा समोर दिसतोच.

आवा_कराड

ताई, तुमचं लिहिणं वाचून आधी बरं वाटलं, कारण तुम्ही काय झालं ते जसंच्या तसं सांगितलंत. त्यातच सगळी उत्तरं आहेत. जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर कुंभाराचं, कराडच्या बाजूला. आजोबा आणि आण्णा (माझे वडील) नदीकाठच्या गाळाच्या मातीत लीद आणि राख मळून मडकी, रांजण, पणत्या करायचे. आव्यात, म्हणजे उघड्यावर रचलेल्या कुंभाराच्या भट्टीत, भाजायचे. मी गेली १६ वर्षं इलेक्ट्रिक भट्टीवर काम करतो. दोन्हीकडं बघून माझं एकच ठाम मत झालंय: भांडं आकड्यानं भाजत नाही. किती उष्णता किती वेळ त्याच्या अंगात मुरली, त्यानं भाजतं. तुमच्या तिन्ही नुकसानींचं मूळ इथंच आहे.

फुटलेली चार भांडी घ्या. चार दिवस वाळवली म्हणता, पण कधी? पावसाळ्यात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये भांडं वरून पांढुरकं दिसतं आणि बुडात ओल तशीच असते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. तुमच्या कंट्रोलरला नुसतं १००० सांगितलं, किती वेगानं चढायचं ते सांगितलंच नाही, म्हणून त्यानं पूर्ण ताकद लावली. बाहेरची माती तापली, आतली वाफ अडकली, भांडं फुटलं. पुष्कळ ठिकाणी 'मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं' असं शिकवतात. बुडबुडा कोरडा असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही. फोडते ती ओल. जाड बूड आणि घाई एकत्र आली की हमखास.

ओल ओळखायच्या दोन रीती सांगतो. भांड्याचं बूड गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. आण्णा कायम गालालाच लावायचे, हाताला नाही, कारण मातीत राबलेल्या हाताला गारवा कळत नाही. दुसरी रीत माझी: स्वयंपाकघरातल्या काट्यावर भांडं तोला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. पाच ग्रॅमनंही वजन उतरलं असेल तर थांबा.

मग भट्टीत रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवा, वरच्या भोकाचं बूच उघडं. सकाळी भोकावर स्टीलची गार ताटली धरा. ताटलीवर दव धरलं तर अजून पाणी निघतंय. ताटली कोरडी राहीपर्यंत १०० च्या वर जायचं नाही. हे एवढं केलंत तर तुमची फुटाफूट जवळपास संपेल.

त्यापुढं आणखी एक पाणी असतं, आणि ते उन्हात वाळत नाही. ते मातीच्या कणातच बांधलेलं असतं. शुद्ध चिनी मातीच्या वजनात ते सुमारे १४ टक्के भरतं. साधारण ३५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते सुटतं आणि मग ती माती पुन्हा कधीच माती होत नाही. बिस्कचा तुकडा महिनाभर पाण्यात ठेवला तरी विरघळत नाही, तो यामुळं. याच वाटेवर ५७३ अंशांना मातीतली गारगोटी एकदम फुगते, आणि उतरताना त्याच ठिकाणी तेवढीच आक्रसते. म्हणून ६०० पर्यंत मी ताशी ६० ते ८० अंशांपेक्षा जास्त चढवत नाही. ६०० नंतर ताशी १००-१२० चालतं. मात्र ७०० ते ९०० मध्ये मातीतला पालापाचोळा आणि कोळसा जळतो, त्याला हवा लागते. बूच ९०० पर्यंत थोडं उघडं असू द्या, नाहीतर भांड्याचं पोट काळं राहतं आणि पुढं ग्लेझमध्ये पुटकुळ्या येतात.

आता कोन. कोन म्हणजे ठरलेल्या मिश्रणाची बोटाएवढी निमुळती कांडी. ठरावीक उष्णता मुरली की ती मऊ होऊन वाकते. जर्मनीत हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये अशा कोनांचा क्रम बसवला, अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून बनवायला घेतले. आपल्याकडं ऑर्टनचे आकडे चालतात. शून्याचा घोळ असा: १ पासून वर जाणारे कोन जास्त तापमानाचे, आणि आधी शून्य असलेले त्याच्या खालचे, उलटे मोजायचे. म्हणजे ०४ हा ०६ पेक्षा गरम. ताशी ६० अंशांनी चढवलं तर ०६ सुमारे १००० ला वाकतो, ०४ सुमारे १०६० ला, ६ सुमारे १२२२ ला आणि १० सुमारे १२८५ ला. म्हणजे ०६ आणि ६ यांच्यात सव्वादोनशे अंशांचं अंतर. एक शून्य वाचायचं राहिलं तर सगळी भट्टी जाते.

आणि तोच कोन ६ ताशी १५० अंशांनी चढवला तर १२४३ च्या आसपास वाकतो. वाकायचं तापमान वेगावर अवलंबून आहे. 'सर्किट' दादा, लाइनबद्दल तुम्ही सांगितलंत ते अगदी बरोबर, मीही तेच सांगतो. पण कोन लागत नाहीत हे मला पटत नाही. कंट्रोलर फक्त थर्मोकपलच्या (भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या कांडीच्या) टोकाचं तापमान सांगतो. शेल्फवरच्या भांड्यात किती मुरलं ते त्याला कळत नाही. शिवाय स्वस्तातला के-टाइप थर्मोकपल वापरून जुना झाला की कमी दाखवायला लागतो. माझ्यावर हे बेतलंय. एका हॉटेलच्या ऑर्डरचे ६२ कप होते, माझ्या लाल मातीचे, पंधरा दिवसांचं काम. पडद्यावर १०५० होतं, मी निर्धास्त झोपलो. सकाळी कप एकमेकांवर रेललेले, कड्या लोंबलेल्या. त्या दिवशी कोपऱ्यात सहज ठेवलेला एक ०४ चा कोन होता, तो मेणबत्ती उन्हात ठेवल्यासारखा पूर्ण आडवा पडून शेल्फला टेकला होता. त्यानं खरं सांगितलं होतं, मी बघितलं नव्हतं. त्यानंतर एकही भट्टी कोनाशिवाय लावली नाही. तीन कोन लावतो: हवा तो, एक खालचा, एक वरचा. खालचा पडलेला, मधला कमान होऊन टोक टेकलेला, वरचा ताठ, म्हणजे भट्टी बरोबर झाली.

तुमच्या सहा वाट्या बसल्या त्यात भट्टीचा दोष नाही. लाल मातीत लोह आणि इतर वितळवणारे क्षार भरपूर असतात. आमची माती १०५० ला खणखणीत होते, ११०० ला वाकायला लागते, १२०० ला तिचा गूळ होतो. स्टोनवेअरची माती त्याच १२२० ला नुसती आवळून घट्ट होते. तुम्ही ग्लेझच्या डब्यावरचा आकडा बघितलात. आधी मातीचा बघायचा, मग तिला सोसेल असं ग्लेझ शोधायचं. लाल मातीला ०६ ते ०४ चं ग्लेझ घ्या, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसं नसलेलंच.

त्या कपाचं मात्र वाईट वाटलं. २४० ला भट्टी बाहेरून थंड झाल्यासारखी वाटते, पण स्टोनवेअरमध्ये २२६ अंशांच्या आसपास गारगोटीचंच एक दुसरं रूप अचानक आक्रसू शकतं. नेमक्या त्या वेळी गार वारा लागला. १०० च्या खाली येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. आणि उघड्या हातानं शेल्फ धरता येईल एवढं गार झाल्यावरच भांडी काढायची.

डिचोलीकर

गोव्यातून एक भर घालतो. आमच्याकडे पावसाळ्यात गालाची परीक्षासुद्धा फसते, कारण सगळंच गार. मी जून ते सप्टेंबर भांडी जाळीच्या फळीवर पालथी ठेवतो आणि खाली ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावतो. दोन दिवसांत बूड वाळतं. सुरुवातीचे दोन दिवस वरून वर्तमानपत्र झाकायचं, नाहीतर कडा आधी वाळून तडा जातो.

नवशिकी_पुणे

आवा_कराड दादा, मनापासून आभार. भोकावर ताटली धरायची गोष्ट मला दीड वर्षात कुणी सांगितली नव्हती. बल्बची युक्तीही उद्याच करते.

एक शंका राहिली. तुमच्या आजोबांच्या आव्यात ना कोन, ना कंट्रोलर. आणि १००० पर्यंत तो जातही नसेल ना? मग ती मडकी पक्की कशी होतात? तसं काही मला गच्चीवर करून बघता येईल का? काळ्या रंगाची भांडी फार आवडतात.

आवा_कराड

गच्चीवर नको. स्लॅबवर जाळ केला तर काँक्रीटच्या पोटातलं पाणी वाफ होऊन खपल्या उडवतं, तुमच्या भांड्यांचं झालं तेच. शिवाय शेजारपाजारी धूर. कुणाच्या शेतात, मालकाला विचारून, वारा पडलेला असताना करा.

आवा साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत जातो, आणि एकाच आव्यात कडेला कमी, मध्ये जास्त. आण्णांची रचना सांगतो. खाली गोवऱ्यांचा थर. त्यावर मोठी मडकी मधोमध पालथी, लहान कडेनं, मधल्या फटीत पणत्या. मग पुन्हा गोवऱ्या, आमच्याकडं ऊस म्हणून पाचट मुबलक, ते भरायचं. वरून फुटक्या खापऱ्या आणि शेवटी राख-मातीचा लेप, चार-पाच धुराची तोंडं ठेवून. दिवसभर भांडी उन्हात तापवलेली असायची. संध्याकाळी विस्तू घालायचा आणि पहिले दोन तास नुसता धूर, जाळ नाही. आम्ही पोरं कंटाळायचो, 'आण्णा, पेटतंय कधी?' म्हणून मागं लागायचो. ते तोंडापाशी हात धरून बसायचे. वाफ लागेनाशी झाली की मग एकेक तोंड मोठं करायचे. तुम्ही स्टीलची ताटली धरणार, ते तळहात धरायचे.

आत किती तापलंय ते रंगावरून. अंधारात पहिली लाली दिसते ती साधारण ५५० ला, जांभळट, दिसली न दिसली अशी. ७५० ला गुंजेसारखी लाल. ९०० च्या पुढं शेंदरी. १००० ला केशरी, ११०० नंतर झेंडूच्या पिवळ्याकडं झुकतं. तुमच्या भट्टीच्या भोकातूनही हे रंग बघायची सवय लावा, आकड्याला पडताळा मिळतो. फक्त भट्टीत बघण्यासाठीचा, उष्णतेचे किरण अडवणारा हलक्या छटेचा चष्मा घालून बघा आणि तोंड जवळ नेऊ नका.

एवढ्या कमी तापात मडकं टिकतं कारण मातीत लीद आणि राख मळलेली असते. लीद जळून बारीक छिद्रं राहतात, त्यातून वाफही निसटते आणि अचानक चढलेला तापही भांडं सोसतं. त्याच छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर उडतं, म्हणून माठातलं पाणी गार. तुमचा १२२० चा स्टोनवेअर जग कितीही देखणा असला तरी पाणी गार करणार नाही, त्याचं अंग बंद झालेलं असतं. म्हणून कमी तापमान म्हणजे कच्चं, असं मानू नका. ज्याचं त्याचं काम वेगळं.

कच्चं-पक्कं ओळखायला आवाज. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा तडकलेलं. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून बघितलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. आमच्या घरी ही गोष्ट दर आव्यानंतर निघायची. आण्णा एकेक मडकं वाजवून डावीकडं-उजवीकडं ठेवायचे, आणि डावीकडचं कधी बाजारात गेलं नाही. आम्ही त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायचो. तुम्हीही प्रत्येक भट्टीनंतर सगळी भांडी वाजवून बघा. महिनाभरात कान तयार होतो.

काळ्या रंगासाठी सोपं सुचवतो. आधी तुमच्याच भट्टीत बिस्क करा, पण ९०० पर्यंतच, म्हणजे अंग धूर पिईल एवढं उघडं राहतं. त्याच्याही आधी, भांडं पुरतं वाळलेलं नसताना, कातड्यासारखं घट्ट असतानाच गुळगुळीत गोट्यानं घासून चकाकी आणा. मग शेतात विटांचा कमरेएवढा चौक, सुट्या विटा, मधे बोटभर फटी. त्यात लाकडाचा कोरडा भुसा दाबून भरा, भांडी अशी पुरा की प्रत्येकाभोवती चार बोटं भुसा राहील. वरून पेटवा, पत्र्यानं झाका. ज्वाळा नको, नुसतं धुमसत खाली उतरू द्या. माझ्याकडं अख्खी रात्र लागते, कधी दुसरी दुपार. भुश्यात प्लायवूडचा चुरा नको, त्यातला गोंद जळून विषारी धूर होतो. निघतील ती भांडी शोभेची. पाणी धरणार नाहीत आणि जेवणाला वापरायची नाहीत.

नवशिकी_पुणे

कळवायला उशीर झाला. नवी लाइन टाकून घेतली आणि काल तिसरी भट्टी उघडली. लाल मातीची ९ भांडी, बल्बवर वाळवलेली, दोन दिवस वजन करून बघितलेली. रात्री ८५ वर ठेवली. सकाळी साडेसहाला ताटलीवर दव आलं, साडेआठपर्यंत येतच होतं! नऊला कोरडी झाली. मग ताशी ६०. पडद्यावर १००० आल्यावर बंद केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ७० वर उघडली.

नऊच्या नऊ अखंड. सगळी वाजतात. फक्त कोन बघून गोंधळले: ०७ पडलाय, ०६ सुद्धा पूर्ण आडवा, आणि ०५ ला जरा बाक आलाय. आकडा तर बरोबर १००० होता.

आवा_कराड

वा! नऊ वाजली यातच सगळं आलं.

कोन सांगतायत की तुमची भट्टी दाखवते त्यापेक्षा थोडी जास्त तापते. जुनी भट्टी, जुना थर्मोकपल, मला हेच वाटलं होतं. पुढच्या वेळी ९८५ ला बंद करा आणि ०६ बघा. टोक टेकलं तर तोच तुमच्या भट्टीचा ०६, मग पडदा काही म्हणो. वरच्या आणि खालच्या शेल्फवर वेगवेगळे कोन ठेवा, दोन्हीकडं सारखं निघेल असं धरू नका.

ग्लेझ लावायच्या आधी मातीची एक परीक्षा घ्या. त्याच लाल मातीच्या बोटभर रुंद पट्ट्या करा, ओल्या असताना प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा. बिस्कच्या दोन तुकड्यांवर पुलासारखी ठेवून एकेक पट्टी १०००, १०५० आणि ११०० ला भाजा, खाली जुनं शेल्फ. रेघ किती आखडली ते मोजा, मधे झोळ आला का बघा. मग कोरडी तोलून, २४ तास पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोला. किती पाणी प्यायली ते कळेल. जिथं झोळ यायला लागला त्याच्या ५० अंश खाली थांबायचं.

आणि शेल्फला अॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती निम्मी-निम्मी पाण्यात कालवून लेप द्या. कोरडी कालवताना तोंडाला मास्क, आणि सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. भांड्याच्या बुडाचं ग्लेझ ३-४ मिलिमीटर वरपर्यंत पुसून काढा. छिन्नी पुन्हा लागायची नाही.

ते तीन कोन टाकून देऊ नका. मागं तारीख आणि पडद्यावरचा आकडा लिहून डब्यात ठेवा, पुढच्या भट्टीचे त्यांच्या शेजारी ठेवून बघायचेत.